घोरणाऱ्या बैलाच्या नाकातला जंत

भंडाऱ्याकडच्या बैलबाजारात जुनी माणसं बैलाचे दात पाहण्याआधी त्याला चालवत. एक लांब फेरी झाली की त्याला उभा करायचा आणि घेणाऱ्याने आपला कान त्याच्या नाकपुडीशी न्यायचा. श्वास मोकळा आला तर पुढची बोलणी. आतून खरखर आली, झोपलेल्या माणसासारखं घोरणं ऐकू आलं, तर दलालाने रुमालाखाली कितीही बोटं दाबली तरी सौदा मोडायचा. विकणारा म्हणायचा, "थंडी झाली हाये, उतरते दोन दिवसांत." घेणारा नुसता हसायचा, कारण ही थंडी उतरत नाही हे दोघांनाही ठाऊक असे. घोरणारा बैल चिखलणीला दोन तास टिकत नाही. त्याला दम लागतो, तो जीभ काढतो आणि बांधीत बसकण मारतो.

मी सरकारी पशुवैद्यक म्हणून या धानपट्ट्यात नोकरी केली. तलावाकाठची गावं, प्रत्येक गावाला एक बोडी म्हणजे लहान तळं, एखादा मोठा मालगुजारी तलाव, आणि त्यात नाकापर्यंत बुडालेल्या म्हशी. या गावांत घोरणाऱ्या जनावराला कुणी नवल मानत नसे. बहुतेकांचं म्हणणं, नाकात जळू शिरली आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. पाणी पिताना जनावराच्या नाकात जळू शिरते आणि ती मीही काढलेली आहे. म्हणून मग तंबाखूचं पाणी नाकात सोडायचं, तपकीर फुंकायची, कपाळावर डाग द्यायचा. जळू असली तर पडायची. नसली तर जनावर शिंकून शिंकून बेजार व्हायचं आणि रात्री पुन्हा कोठ्यात घोरायला लागायचं.

जळू नसताना आत जे असे ते मी पहिल्यांदा पाहिलं ते कातडी काढायला आणलेल्या एका मेलेल्या बैलाच्या नाकात. नाकाच्या आतल्या अस्तरावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ, दोन्ही बाजूंना, इतकी की हवेला वाट उरलेली नव्हती. ती वाढ म्हणजे रोग नव्हे, रोगाला शरीराने दिलेलं उत्तर. खरा गुन्हेगार तिच्याखालच्या बारीक शिरांमध्ये असतो: सेंटिमीटरभराचा, दोऱ्याइतका बारीक जंत, नर आणि मादी जोडीने. नराच्या पोटाला लांबट खाच असते आणि मादी आयुष्यभर त्या खाचेत राहते. ती अंडी घालते, अंडं शीर फोडून अस्तरात येतं, शेंबडात मिसळतं. शरीर अडकलेल्या अंड्यांभोवती पेशींची भिंत बांधत जातं. हजारो अंडी, हजारो भिंती, आणि मग नाक बंद.

या जंताचं शास्त्रीय नाव शिस्टोसोमा नासाले. नावापुढे 'राव, १९३३' असं लिहितात. नागपूरला शिकताना आम्ही ते तोंडपाठ केलं होतं, पण राव कोण आणि १९३३ साली काय झालं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. परीक्षेत ते येत नव्हतं. निवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळाला, जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड चाळायला मिळाले, आणि या एका जंतामागे पुण्यापासून मद्रासपर्यंत केवढी माणसं लागली होती ते कळत गेलं.

पुणं यात अगदी सुरुवातीला येतं, जंतांशी संबंध नसताना. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या इमारतीत इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. प्रमुख होते डॉ. अल्फ्रेड लिंगार्ड. कारण एकच, बुळकांडी. गुरांच्या या साथीने गावंच्या गावं उजाड होत, तोफखान्याचे बैल मरत, सरकारचा सारा बुडे. पण इतका जहाल विषाणू भर वस्तीत हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात, सात हजार फुटांहून उंच असलेल्या मुक्तेश्वरला हलवली. देवदाराच्या जंगलात, रस्त्यापासून दूर, थंड. तिथे १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख येऊन गेले. पुढे याच संस्थेचं नाव बदलत बदलत भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झालं आणि बरेलीजवळचं इज्जतनगर तिचं मुख्य ठाणं झालं.

बुळकांडीसाठी उघडलेल्या या दुकानात जंतांना मागच्या दाराने प्रवेश मिळाला. मुक्तेश्वरला प्रयोगासाठी आणलेली जनावरं मरत, त्यांची चिरफाड होई आणि कुणीतरी चौकस माणूस आतल्या शिरा उघडून बघे. आर. ई. माँटगोमेरी हा असा माणूस. त्याने १९०६ मध्ये हिंदुस्थानातल्या जनावरांच्या रक्तात राहणाऱ्या चपट्या जंतांवर लेख लिहिले आणि नव्या जातींना नावं दिली, त्यांत शिस्टोसोमा इंडिकम आणि शिस्टोसोमा स्पिंडालिस. दोन्ही आतड्याकडच्या शिरांत राहणारे. त्यांची अंडी शेणातून बाहेर पडतात. दुसऱ्याचं अंडं लांबट, टोकांकडे निमुळतं आणि एका टोकाला काट्याचं. हे अंडं लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे सगळा घोटाळा त्यावरूनच झाला.

माँटगोमेरीला जंत सापडले, पण ते जनावरात शिरतात कसे हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. कुणालाच नव्हतं. माणसातला याच कुळातला जंत थिओडोर बिल्हार्झने कैरोत १८५१ साली शोधला होता. तेव्हापासून पन्नासेक वर्षं वाद चालू होता, पाण्यातून पोटात जातो की कातडीतून शिरतो. याचा निकाल लावला तो जपानात आणि तोही जनावरांवर. १९०९ मध्ये फुजिनामी आणि नाकामुरा यांनी कातायामा भागातल्या भातखाचरांत गुरं सोडली. काहींची तोंडं बांधलेली पण पाय उघडे, काहींचे पाय आणि अंग झाकलेलं. तोंड बांधलेल्या जनावरांना रोग झाला. म्हणजे जंत कातडीतून शिरतो. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यात यंत्र नाही, महागडं रसायन नाही, फक्त दोरी, कापड आणि प्रश्न नेमका विचारायची अक्कल. पुढे १९१३ मध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी मधला दुवा शोधला, गोगलगाय. अंड्यातून सुटलेली अळी गोगलगायीत शिरते, तिथे वाढते, हजारोंच्या संख्येने बाहेर पडते आणि मग पाण्यात उभ्या असलेल्या पायात घुसते. १९१५ मध्ये रॉबर्ट लायपरने इजिप्तमधल्या माणसांच्या जंतासाठी हेच दाखवून दिलं.

तोवर पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. इजिप्त आणि आफ्रिकेकडून परतणाऱ्या फौजांबरोबर बिल्हार्झचा रोग हिंदुस्थानात येईल का, आणि आला तर इथल्या गोगलगायी त्याला थारा देतील का, ही चिंता वैद्यकीय वर्तुळात सुरू झाली. इंडियन म्युझियमच्या केंप आणि ग्रेव्हली यांनी १९१९ मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. आणि या चिंतेच्या काळातच जनावरांच्या जंताची गोष्ट मुंबईत, परळला येऊन पोचली.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये तेव्हा बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी होती, आज ज्या जागेला आपण हाफकिन म्हणतो ती. त्याच परळमध्ये १८८६ सालचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि पेटिट घराण्याच्या देणगीतून उभं राहिलेलं जनावरांचं रुग्णालय. माणसांचे जंतुशास्त्रज्ञ आणि गुरांचे डॉक्टर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. प्रयोगशाळेचे डब्ल्यू. ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर यांनी १९१८ मध्ये स्पिंडालिस जंताचं जीवनचक्र प्रसिद्ध केलं. लिस्टन प्लेगच्या कामासाठी प्रसिद्ध. उंदरावरची पिसू आणि प्लेग यांची सांगड घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. सोपारकरांचं नाव कुठल्याही शाळेच्या पुस्तकात नाही. पण १९२१ मध्ये या जंताच्या शेपटीवाल्या अळीवर त्यांनी लिहिलेला लांबलचक लेख नंतरच्या प्रत्येकाला उघडावा लागला.

त्यांना सापडलेली गोगलगाय आमच्या प्रत्येक बोडीत आहे. तेव्हा तिला प्लॅनॉर्बिस म्हणत, आता इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस म्हणतात. शंख चपटा, तपकिरी, एकाच पातळीत गुंडाळलेला. चिरडली तर लाल पाणी निघतं, कारण तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. कमळाच्या आणि शिंगाड्याच्या पानांखाली ती चिकट पारदर्शक थरात अंडी घालते. एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही, त्यामुळे एखादीच उरली तरी तळं पुन्हा भरतं. उन्हाळ्यात बोडी आटली की गाळात गाडून घेते आणि पहिल्या पावसाला वर येते. आमच्याकडची पोरं ती गोळा करून बदकांना घालतात. तिच्यात काय वाढतं हे पोरांना माहीत असायचं कारण नाही, पण मलाही नोकरीला लागेपर्यंत ती नीट ओळखता येत नव्हती. आम्ही ती फक्त फॉर्मलिनच्या बाटलीत, रंग उडालेली पाहिली होती.

इथपर्यंत नाकाचा कुठे संबंध नव्हता. घोरण्याच्या रोगाला पशुवैद्यकांनी 'नेझल ग्रॅन्युलोमा' असं नाव दिलं होतं, पण नाव दिल्याने कारण कळत नाही. कुणाला ती बुरशी वाटे. तसं वाटण्यात चूक काही नव्हती. नाकात गाठी आणणारा ऱ्हायनोस्पोरिडियम नावाचा वेगळाच परजीवी आपल्या देशात गुरांत आणि माणसांत सापडतोच. मग १९३२ उजाडलं. त्या सालात आणि पुढच्या सालात जे घडलं ते वाचताना मला आजही मजा येते, कारण तीन माणसं तीन बाजूंनी एकाच नाकात डोकावत होती.

मुक्तेश्वरच्या एस. सी. ए. दत्तांनी १९३२ मध्ये या गाठींच्या कारणावर लेख लिहिला आणि बोट शिस्टोसोमाकडे दाखवलं: गाठींतल्या शिरांत हे जंत आहेत. लगेच प्रश्न आला, हा जंत कोणता? तो सोडवायला बसले जी. डी. भालेराव. आडनावावरून आपला माणूस, आणि जंत ओळखण्यात त्या काळच्या हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचे थोडेच. त्यांचा त्याच वर्षीचा लेख आहे तो नाकातल्या जंताची ओळख आणि स्पिंडालिसशी त्याचं नातं यावर. जंत दिसायला स्पिंडालिसच्या फार जवळचा. गोगलगाय तीच. एक आतड्याच्या शिरांत, दुसरा नाकाच्या. जागा बदलली म्हणून जात बदलते का? आपल्या गल्लीतला माणूस पुण्याला राहायला गेला म्हणून त्याचं गोत्र बदलत नाही. संग्रहालयात बसून, मेलेल्या जंतांची मापं घेऊन या प्रश्नाचं उत्तर मिळणं कठीण होतं.

ते मद्रासला मिळालं. मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयातले एम. ए. एन. राव यांनी १९३३ मध्ये वासरांना मुद्दाम लागण करून पाहिली आणि ती लागली. मग १९३४ मध्ये दोन्ही जंत शेजारी ठेवून तुलनेचा लेख लिहिला. अंड्यांकडे बघा, असं त्या लेखाचं सार काढता येईल. स्पिंडालिसचं अंडं सरळ आणि निमुळतं. नाकातल्या जंताचं अंडं त्याहून मोठं, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि मधोमध बाक असलेलं, बूमरँगच्या आकाराचं, एका टोकाला काटा. एकदा पाहिलं की आयुष्यात विसरायचं नाही. जात वेगळी ठरली, आणि नावापुढे रावांचं नाव लागलं.

रावांच्या या कामाबद्दल मला आदर आहे तो जात वेगळी काढल्याबद्दल नाही. जाती वेगळ्या काढणारे पुष्कळ झाले. प्राणिशास्त्रात ती एक हौसच आहे. आदर आहे तो वासरांबद्दल. जंताच्या अभ्यासात बाटलीतला जंत बघून निबंध लिहिणं सोपं असतं. गोगलगायी पाळायच्या, त्यांतून अळ्या सुटतात का रोज बघायचं, वासराला लागण करायची, आणि मग महिनोन्महिने त्याचा शेंबूड तपासत बसायचं, हे काम ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. त्यात गोगलगाय मरते, वासरू भलत्याच रोगाने जातं, आणि गडी सुट्टीवर जातो.

बाटलीतल्या जंतावरून, नव्हे नुसत्या अंड्यावरून काय होतं याचा एक नमुना त्याच काळात बंगालमध्ये झाला. आसा चँडलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये माणसाच्या विष्ठेत आढळलेल्या अंड्यांवरून एक नवा शिस्टोसोमा जाहीर केला. जंत पाहिला नव्हता, म्हणून नाव ठेवलं इनकॉग्निटम. माणसात नवा रोग म्हणून खळबळ. १९३३ मध्ये राव आणि अय्यर यांना मद्रासच्या डुकरांत एक शिस्टोसोमा सापडला, त्याला त्यांनी सुइस असं नाव दिलं. पुढे कळलं की दोन्ही एकच. हा जंत मुळात डुकराचा आणि कुत्र्याचा. नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकलं. जंत ज्यांनी खरोखर हातात घेतला त्यांचं नाव गेलं आणि न पाहणाऱ्याने दिलेलं राहिलं. नामकरणाचे नियम असेच आहेत, त्याला इलाज नाही.

भालेरावांचं मोठं काम १९३५ मध्ये आलं. हिंदुस्थानातल्या पाळीव जनावरांचे सगळे जंत एका ग्रंथात. इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चने तो शास्त्रीय ग्रंथमालेतला सहावा ग्रंथ म्हणून काढला. कुठला जंत, कुठल्या जनावरात, शरीरात कुठे, आणि ओळखायचा कसा. आज तो कुणी वाचत नाही, संदर्भाला उघडतात. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात बसलेल्या एकट्या पशुवैद्यकाला चिरफाडीत काहीतरी वळवळणारं सापडलं, तर हे काय हे सांगणारं त्याच्या टेबलावर त्याआधी काहीच नव्हतं. दत्तांचं नावही एका जंताला मिळालं: इज्जतनगरच्या दत्त आणि श्रीवास्तव यांनी शोधलेल्या एका रक्तजंताला 'दत्ताई' म्हणतात. यातले एस. सी. दत्त वेगळे, एस. सी. ए. दत्त वेगळे. परीक्षेला बसलेल्या पोरांचे हाल काय होत असतील!

रोगाचं कारण कळलं, मग औषध. ते माणसांच्या दवाखान्यातून आलं. १९१८ मध्ये खार्टूममध्ये क्रिस्टोफरसनने बिल्हार्झच्या रुग्णांना टार्टार एमेटिक शिरेतून दिलं आणि जंत मेले. अँटिमनीचं हे संयुग. ते घोरणाऱ्या बैलांना मानेच्या शिरेतून देऊ लागले. गुण यायचा, नाक मोकळं व्हायचं, पण सुईचं टोक शिरेबाहेर सरकलं आणि औषध आजूबाजूच्या मांसात गेलं तर मान सुजायची, मांस सडून गळायचं. खोड्यात धडपडणारा बैल, हातात जाड सुई आणि धरायला दोन घाबरलेले गडी, अशा अवस्थेत सुई शिरेतच ठेवायची म्हणजे कसरत. आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांचे हात या एका इंजेक्शनावरून ओळखले जात. माझ्या काळात अँथिओमॅलीन आलेलं होतं. तेही अँटिमनीच, पण मांसात खोलवर देता येणारं. आठवड्याच्या अंतराने काही वेळा दिलं की घोरणं कमी होई. शेतकरी दुसऱ्या इंजेक्शनानंतर यायचं बंद करी, कारण बैल चालायला लागलेला असे, आणि रोवणी थांबत नाही.

रोगनिदान मात्र स्वस्त होतं आणि ते मला स्वतःला फार आवडे. नाकातला शेंबूड काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात दाहक पोटॅशचं थोडं सौम्य द्रावण घालायचं, जरा गरम करायचं. चिकटपणा विरघळतो, अंड्यांचं कवच टिकतं. खाली बसलेला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते बाकदार अंडं. पुष्कळदा मी बैल ज्याचा आहे त्यालाच डोळा लावायला सांगे. "पाहा, हे तुमच्या बोडीतलं." एका म्हाताऱ्याने बराच वेळ पाहून विचारलं, "म्हणजे आमची बोडी बैलाच्या नाकात गेली?" याहून चांगलं जीवनचक्र मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि तेच खरं दुखणं. बैल पाणी प्यायला बोडीत तोंड घालतो, नाकातला शेंबूड पाण्यात पडतो, अंड्यातून अळी सुटून गोगलगाय गाठते, आणि पुढच्या बैलाचे पाय त्याच पाण्यात. बैलाला कितीही औषध द्या, बोडी तीच राहते. गोगलगाय मारायला मोरचूद हे जुनं औषध, आणि पुस्तकात ते छापलेलंही असतं. पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा तलाव पाहिलेला नसतो. मोरचुदाने मासे मरतात. तलावात ढिवरांची मासोळी, कुणाचा शिंगाडा, कुणाची कमळकाकडी, आणि खाली शंभर एकर धान. कोळी-ढिवरांच्या पोटावर पाय देऊन बैलाचं नाक मोकळं करायला कुठली ग्रामपंचायत तयार होईल? मीही ठराव मांडला नसता.

म्हशीची आणखी एक गंमत. या जंताचा त्रास गाई-बैलांना. म्हशीच्या नाकात तोच जंत असतो, तिच्या शेंबडात तीच अंडी सापडतात, पण ती सहसा घोरत नाही. दिवसभर पाण्यात डुंबणारं जनावर नेमकं तेच, जे तक्रार करत नाही. म्हैस दवाखान्यात आणली जातच नाही. कुठल्याही नोंदवहीत तिच्या नाकाबद्दल एक ओळ नसते. त्यामुळे गावातले सगळे घोरणारे बैल बरे केले तरी तलावाला अंड्यांचा पुरवठा सुरूच.

कोकणाची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या गिमवी गावात माणसांमध्ये लघवीतून रक्त जाण्याचा शिस्टोसोमाचा रोग असल्याचं जाहीर केलं. फौजांबरोबर येईल म्हणून ज्याची तीस-पस्तीस वर्षं धास्ती होती तो आफ्रिकेकडचा रोग, आणि सापडला कुठे तर लष्करी छावणीपासून दूर, एका कोकणी खेड्यात. त्याची गोगलगायही शोधून काढली. काही मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची फेरिसिया. पशुवैद्यकांची चपटी इंडोप्लॅनॉर्बिस नव्हे. गावात उपचार झाले, पाण्यावर औषध टाकलं गेलं, आणि पुढच्या काळात तो रोग तिथे दिसेनासा झाला. माणसाच्या लघवीत रक्त दिसलं की सगळी यंत्रणा गावात उतरते. बैल घोरला तर कुणीही उतरत नाही. हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. पशुवैद्यकाच्या आयुष्यात ते गृहीतच असतं.

पण बुळकांडीशी तुलना केली की मात्र थोडं टोचतं. बुळकांडी आठवड्यात जनावर मारायची. तिच्यासाठी मुक्तेश्वर उभं राहिलं, तिच्यावरची लस तिथे तयार झाली, आणि २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सगळं जग तिच्यातून मुक्त झालं. फार मोठं काम, त्याला तोड नाही. जंत मारत नाही. तो रोज थोडं दूध कमी करतो, थोडं बळ कमी करतो, वासरू थोडं खुरटं ठेवतो. त्याच्यासाठी वेगळी संस्था कुणी काढली नाही. बुळकांडीच्या संस्थेतच एका खोलीत दत्त, भालेराव आणि नंतर श्रीवास्तव बसले. नंतरच्या काळात जबलपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात एम. सी. अगरवाल यांनी या रक्तजंतांवर काम केलं आणि २०१२ मध्ये दक्षिण आशियातल्या शिस्टोसोमांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या कामामुळे एक गोष्ट पुन्हा समोर आली: शेणाच्या साध्या तपासणीत आतड्यातल्या शिस्टोसोमाची अंडी सहजासहजी सापडत नाहीत. थोडी असतात आणि नजरेतून सुटतात. नाकातला निदान घोरतो तरी, आतड्यातला अगदीच गप्प. आणि जनावरांच्या या जंतांच्या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरायचा प्रयत्न करतात. आत जाऊन मरतात, पण खाज ठेवून जातात. रोवणीच्या दिवसांत पोटऱ्यांवर लाल पुरळ घेऊन बाया येत, आणि आम्हा गुरांच्या डॉक्टरांनाच मलम मागत. "पाणी खाजवते, साहेब." आरोग्य केंद्रात त्याला ॲलर्जी म्हणत.

आता आमच्या पट्ट्यात बैल कमी झाले. चिखलणी ट्रॅक्टर करतो. बैलबाजार भरतो, पण नाकपुडीला कान लावणारी माणसं गेली, कारण घेणाऱ्याला बैल चिखलणीला नको आहे. घोरणं ऐकू येत नाही, म्हणून रोग गेला असं नव्या पोरांना वाटतं. म्हशी आहेत, उलट वाढल्या आहेत. दर पावसाळ्याआधी गावागावांत जंतनिर्मूलनाची शिबिरं होतात. जनावरं रांगेत उभी करतात, तोंडात अल्बेंडाझोल ओततात, नोंदवहीत जंतनाशक पाजलेल्या जनावरांचा आकडा भरतात. आतड्यातल्या गोल जंतांवर ते औषध चांगलंच चालतं. नाकातल्या शिरांत जोडीने राहणाऱ्या त्या जंताला त्याने काहीही होत नाही.